वाऱ्याच्या वरच्या अंगाला

तळ्याकाठी पोचल्यावर लोक तळं बघतात. मी वाऱ्याची दिशा बघितली. बोट तोंडात घालून ओलं केलं, वर धरलं, आणि मग आठवलं की सध्या बोट तोंडात घालायचं नसतं. म्हणून त्याच बोटाला सॅनिटायझर चोळलं, आणि ओलं झालंच आहे तर म्हणून पुन्हा वर धरलं. वारा पाण्यावरून येत होता. म्हणजे आपली कॅरॅव्हॅन अगदी काठाला लावली, तर आपल्या आणि वाऱ्याच्या मध्ये एकही माणूस येणार नाही. बाकीच्यांचे श्वास त्यांच्या त्यांच्याकडे राहतील.

“बाबा, पीपल आर वॉचिंग,” गाडीतून लेक म्हणाली. ती तेव्हा चौदा वर्षांची होती, आणि लोक बघताहेत यापलीकडे तिला जगात कशाचीच भीती नव्हती.

मला बाकी सगळ्याची होती. महामारीची दोन वर्षं मेलबर्नला, पॉइंट कुकच्या घरात काढताना मी कोथिंबीर साबणाच्या पाण्यात धुतली होती, आणि फेस येणारी आमटी घरच्यांनी निमूट खाल्ली होती. निमूट हे माझं मत. बायकोची आठवण वेगळी आहे. पण या उन्हाळ्यातली भीती त्या सगळ्याहून निराळी होती, कारण या वेळी गाडीत पुढच्या सीटवर आई बसली होती.

बाबा आदल्या वर्षी पुण्यात गेले, दुसऱ्या लाटेत. सीमा बंद होत्या. घरात लेकीची ऑनलाइन शाळा चालू होती, म्हणून मी गॅरेजमध्ये, उभ्या गाडीत बसून फोनवर सगळे अंत्यविधी बघितले. तिकडे शेजारच्या काकांनी फोन धरला होता, त्यामुळे मला बराच वेळ त्यांचा अंगठाच दिसला. त्यानंतर आई कितीतरी महिने फ्लॅटमध्ये एकटी राहिली. “मला काही झालेलं नाही, मी ठणठणीत आहे,” हे ती रोज फोनवर म्हणायची. मी रोज मानायचो. न मानून करणार काय होतो? सीमा उघडल्या तशी मिळेल त्या विमानाने तिला आणलं. पंचाहत्तरीला टेकलेली, साखर आहे, बीपी आहे. आणि ती येऊन पुरती टेकते ना टेकते तोच नवा व्हेरियंट आला, आणि आमच्या गल्लीत घरोघरी माणसं खोकायला लागली. एक दिवस लेकीची मैत्रीण पॉझिटिव्ह निघाली, दुसऱ्या दिवशी बायकोच्या ऑफिसातली बाई. मी रात्री आईच्या खोलीच्या दाराला कान लावून तिचा श्वास ऐकायचो. एकदा तिने दार उघडलं आणि मी आत पडलो.

बाबा माझ्या माघारी गेले होते. आई माझ्याकडे येऊन, माझ्या घरातल्या हवेने जाऊ नये, एवढं एकच मला हवं होतं. बाकी काय व्हायचं ते होवो.

म्हणून ही कॅरॅव्हॅन, गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर. जवळच्या ट्रुगानिना उपनगरातल्या मित्राची. तोही पुण्याचाच. लॉकडाऊनमध्ये कंटाळून त्याने ती कुणाकडून तरी जुनी विकत घेतली, आणि त्याच्या बायकोने तिच्यात एकच रात्र काढल्यापासून ती त्याच्या दारात उभी होती.

“घेऊन जा रे बिनधास्त,” तो म्हणाला. “आईंना मोकळ्या हवेत ने. फक्त शेगडी जुनी आहे, तेवढं बघ. नव्या शेगड्यांमध्ये ज्योत गेली की गॅस आपोआप बंद होतो. हिच्यात तसलं काही नाही.”

मी मान डोलावली. माझं लक्ष दाराच्या मुठीकडे होतं. तिला आजवर किती जणांनी हात लावला असेल, याचा मी विचार करत होतो.

ज्याने कधी केलं नाही त्याला सांगून कळणार नाही, पण कॅरॅव्हॅन मागे घेताना स्टिअरिंग उलट्या बाजूला वळवावं लागतं. बायको मागे उभी राहून “येऊ दे, येऊ दे, येऊ दे” करत होती, आणि मी येऊ देत होतो तळ्याच्या दिशेने. कॅरॅव्हॅन पार्कातल्या शेजारच्या जागेवरून पांढऱ्या दाढीचा एक आजोबा चड्डी-बनियनवर उठून आला. “वाँट मी टू हॅव अ गो, मेट?”

म्हणजे हा माझ्या गाडीत बसणार, माझं स्टिअरिंग धरणार, आणि शेजारच्या सीटवर आई! “नो, नो, ऑल गुड!” मी काच वर करता करता ओरडलो. मग बायकोने मला खाली उतरवलं आणि दोन फेऱ्यांत कॅरॅव्हॅन जागेवर लावली. आजोबाने टाळ्या वाजवल्या. मी वाऱ्याकडे बघत राहिलो.

आई उतरली तेव्हा मी गाडीचं दार धरून उभा होतो, आणि तो वास मला तेव्हा आला. काठाने सगळी निलगिरीची झाडं. दिवसभर तापलेली पानं खाली पडून करकरीत झालेली, आणि त्यांचा तो उग्र, नाकात शिरून डोळ्यांपर्यंत जाणारा वास. बाबा रोज संध्याकाळी गुडघ्यांना निलगिरीचं तेल चोळायचे. आमच्या घरी पाहुणे आले की आधी त्यांना बाबांचे गुडघे भेटायचे आणि मग बाबा.

“आई, अगं सगळीकडे बाबांच्या गुडघ्यांचा वास येतोय!”

तिने वर बघितलं. “निलगिरी का ही?” मग वाकून एक पान उचललं, चुरगळलं, नाकाशी धरलं. बराच वेळ धरलं. मला वाटलं, भरून आलं असेल. मी दुसरीकडे बघितलं. ती “हं” म्हणाली आणि ते पान रुमालात बांधून पिशवीत ठेवलं.

पहिले दोन दिवस बरे गेले, म्हणजे मी बरे जाऊ दिले. सार्वजनिक बाथरूमला आईने सगळ्यांच्या आधी, उजाडताना जायचं. खुर्ची पाण्याकडे तोंड करून. कुणी “हाउ यू गोइंग?” म्हटलं तर लांबूनच हात हलवायचा, उत्तर द्यायचं नाही, कारण उत्तर दिलं की ही माणसं जवळ येतात. आईला हे जमेना. पुण्यात ज्या बाईने आयुष्यभर जिन्यात उभं राहून गप्पा मारल्या, तिला तळ्याकाठी मुकं बसवून ठेवलं होतं मी.

“तुरुंगात निदान भेटायला येतात रे लोक,” ती म्हणाली.

एक गोष्ट मला गोड वाटायची. स्वयंपाक करताना ती सगळ्यांना जवळ बोलवायची. दुधाचा कॅन उघडला की लेकीच्या नाकापुढे. “बघ गं, ठीक आहे का?” लेक नाक मुरडून म्हणायची, “इट्स फाइन, आजी.” आमटीला उकळी आली की बायकोला हाक. “बघ बाई, हिंग जास्त नाही ना पडला?” बायको एकदा म्हणाली, “आई, तुम्हीच चाखून बघा ना.”

“चाखायचं कशाला? नैवेद्याचा स्वयंपाक कधी चाखला का मी? देवाच्या आधी वासही घ्यायचा नसतो. हाताला अंदाज असतो.”

मला वाटलं, एकटी राहून आल्यामुळे तिला माणसं जवळ हवी आहेत.

तिसऱ्या दिवशी दाढीवाल्या आजोबाची बायको ताटली घेऊन आली. ताटलीत स्कोन, म्हणजे लोणी घातलेले छोटे गोडसर पाव, गरम, कापडाने झाकलेले. मी ताटली हातभर लांब धरून घेतली, आणि ती पाठमोरी होताच कचऱ्याच्या डब्याकडे निघालो.

“कुठे चाललास?” आईने खुर्चीतूनच विचारलं.

“अगं, कुणी केलेत, खोकत केलेत का शिंकत केलेत—”

“भट्टीत भाजलेत ना? तुझा तो व्हायरस काय भट्टीत बसून राहिला असेल? आण इकडे.” तिने एक मोडून तोंडात टाकला. मी डोळे मिटले. “छान आहेत,” ती म्हणाली, “मऊ आहेत.” मऊ म्हणाली. गोड म्हणाली नाही, लोण्याचे म्हणाली नाही. हे मला आता आठवतं.

आता ताटली परत द्यायची होती, आणि आमच्या घरात कुणाचं भांडं रिकामं परत जात नाही. साखर का होईना, पण घालून द्यायची. आईने ठरवलं, थालीपिठं. आणि थालीपीठ म्हटलं की ठेचा. मी म्हटलं, ठेचा त्यांना देऊ नकोस, त्यांच्या पोलिसांत तक्रार जाईल. ती म्हणाली, ठेचा तुमच्यासाठी. बाहेर वारा होता म्हणून ती आत, कॅरॅव्हॅनमध्ये, खिडक्या लावून मिरच्या भाजायला उभी राहिली.

तो ठसका मी जन्मात विसरणार नाही. आधी लेक खोकत बाहेर पळाली, मग बायको, मग मी, मग तोंडाला पदर लावून आई. चौघंही कॅरॅव्हॅनपुढे वाकून खोकतोय. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. आणि वारा अर्थातच सगळा धूर घेऊन पार्कात शिरला. मी ती जागा शोधून काढली होती ना! पलीकडच्या तंबूतला कुणीतरी खोकला. त्याच्या पलीकडे एक बाळ खोकलं. लोक खुर्च्यांवरून उठून आमच्याकडे बघायला लागले, एकीने आपल्या मुलाला ओढून आत नेलं.

“चिली!” मी दोन्ही हात वर करून ओरडलो. “इट्स ओन्ली चिली! वी आर नेगेटिव्ह!”

“ओ माय गॉड,” लेक म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

बायको हसत हसत खाली बसली. मीही हसलो असतो. पण आमचे ठसके थांबले आणि आईचा थांबेना. ती अजून दोनदा खोकली. मग पाणी पिऊन आत गेली, मागोमाग मीही गेलो. शेगडीपाशी हात पुसायचं फडकं होतं, त्याचं टोक बर्नरवर गेलं होतं आणि धुमसत होतं. कापूस जळाल्याचा भयंकर वास. आई त्याच्यापासून वीतभर अंतरावर उभी, शांतपणे लसूण सोलत होती.

मी फडकं ओढून सिंकमध्ये टाकलं. “अगं, जळतंय ना हे! वास नाही आला?”

“आला की,” ती म्हणाली. “बंद करणारच होते.”

ती फडक्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, लहानपणी मी मार्कांबद्दल खोटं बोलताना जसा तिच्याकडे बघायचो तशी.

खोकला, आणि वास नाही. दोन वर्षं रोज हेच तर ऐकत होतो. मी लसणाची पाकळी तिच्या नाकापुढे धरली. “डोळे मिट. सांग, काय आहे?”

“लसूण.”

“कसं कळलं?”

“सकाळपासून सोलतेय, दुसरं काय असणार?”

मी गाडी काढून गावात गेलो. केमिस्टच्या दारावरच चिठ्ठी होती, टेस्ट किट संपले. दुसऱ्या दुकानातही तेच. पीसीआर तपासणी पुढच्या मोठ्या गावात, ती दुपारीच बंद झालेली, आता उद्या सकाळी. परत येताना मी स्वतःलाच विचारत होतो. या देशात तिचं कोण आहे? मी. हॉस्पिटलात नेलं तर आत कोण जाऊ देणार? कुणी नाही. पुन्हा फोन. पुन्हा कुणाचा तरी अंगठा.

परतलो तर बायकोने थालीपिठांची ताटली शेजारी पोचवली होती आणि सगळं सांगूनही टाकलं होतं. आता ते जोडपं तंबू उचलून पळेल, असं मला वाटलं. पण ती बाई मास्क लावून आली, लांबून ताटली गवतावर ठेवली आणि मागे सरकली. ताटलीत एक टेस्ट किट होतं. त्यांच्याकडच्या दोनांतलं एक. रिकामी ताटली यांच्याकडूनही परत जात नाही, असं दिसतं.

आईच्या नाकात काडी मी घातली. किती आत घालायची ते मला कळेना म्हणून तिने माझं मनगट धरलं. एक रेघ आली. निगेटिव्ह.

“झालं समाधान?” बायको म्हणाली.

“एक रेघ म्हणजे नाही असं नव्हे. अजून नाही, असं. उद्या पीसीआर करू, तोवर आईला वेगळं ठेवू.”

“अरे, मला काही झालेलं नाही,” आई म्हणाली. “ठणठणीत आहे मी.”

तेच शब्द, तोच आवाज. फोनवरचा. माझी भीती दुप्पट झाली.

मी कामाला लागलो. आई आत, आम्ही तिघं बाहेर, कॅरॅव्हॅनला लावलेल्या कापडी छपराखाली. खिडक्या बंद, कारण तिच्या श्वासाने शेजारच्या म्हाताऱ्यांना काही झालं असतं तर? दाराला खाली एक जाळी होती, त्यातून हवा बाहेर येत होती. मी टेपचं रीळ घेतलं आणि जाळी नीट बंद केली. दाराच्या फटीलाही लावली. बायको हात कंबरेवर ठेवून बघत होती.

“तिला श्वास घ्यायचाय की नाही?”

“वर एक झरोका आहे,” मी म्हटलं. मला फार जबाबदार वाटत होतं.

आईने आतून काचेवर टकटक केलं आणि खुणेने विचारलं, चहा करून घेऊ का? मी अंगठा दाखवला.

सात वाजता आमच्याकडे दिवेलागण. उन्हाळ्यात तिथे सातला लख्ख ऊन असतं, नऊपर्यंत अंधार पडत नाही, पण आई सूर्याचं ऐकत नव्हती. सात म्हणजे सात. येताना पिशवीतून छोटं निरांजन, तुपाची डबी आणि वाती आणल्या होत्या.

मी तिच्यासाठी थालीपीठ आणि दही घेऊन दाराशी गेलो. तोंडावर दोन मास्क. आतून ती पुटपुटत असल्यासारखं ऐकू आलं. “आई, ताट ठेवतोय,” म्हटलं. तिला ऐकू गेलं नाही. मास्क खाली ओढून पुन्हा हाक मारणार, तोच वास आला.

पहिल्यांदा वाटलं, गटार. मग वाटलं, कांदे सडले. आणि मग कळलं, एकदम. गॅस.

मी खिडकीतून बघितलं. आई छोट्या टेबलाशी बसली होती, डोक्यावर पदर. समोर निरांजन, त्यात वात. शेगडीवर पातेलं, पातेल्याच्या बाहेर चहा उतू गेलेला, बर्नर त्यात बुडालेला. ज्योत नव्हती. आईच्या एका हातात काड्यापेटी होती आणि दुसऱ्या हातात काडी.

ताट कुठे पडलं ते आठवत नाही. मी काचेवर मुठी मारल्या. तिने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि काडीचा हात हलवून म्हणाली, थांब, दिवा लावते. मी दाराकडे धावलो. दार उघडेना. माझीच टेप. चांगल्या प्रतीची घेतली होती. मी नखांनी ओरबाडली, दार ओढलं, ते अर्धं उघडलं आणि आतला वास तोंडावर आला.

“आई, काडी टाक! काडी ओढू नकोस!”

“अरे, आत येऊ नकोस!” ती ओरडली. “तूच म्हणालास ना, आत यायचं नाही! लांब हो, तुला होईल!”

मी तिचा हात मुठीत पकडला, काडीसकट, आणि तिला अक्षरशः उचलून पायऱ्यांवरून खाली आणलं. मागे दाढीवाला आजोबा पळत येत होता. त्याने पुढे जाऊन सिलिंडरची चावी फिरवली आणि आम्हाला सगळ्यांना हाताने पाण्याकडे हाकललं. मग दार पूर्ण उघडून टाकलं. जड गॅस खालून निघून जावा म्हणूनच ती जाळी होती; तिच्यावरची टेप बघून तो क्षणभर थांबला. मग ती सोलून काढली. मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आम्ही तळ्याकाठी खुर्च्यांवर बसलो. मी आईच्या अगदी जवळ, गुडघ्याला गुडघा लावून, मास्कशिवाय. तिच्या मुठीत ती काडी अजून होती. मी बोटं उघडून काढून घेतली. लेक तिच्या मागे उभी राहून तिच्या खांद्यांवर हात ठेवून होती, आणि पहिल्यांदाच तिला कोण बघतंय याची पर्वा नव्हती.

“आई,” मी म्हटलं, “खरं सांग. कधीपासून?”

ती पाण्याकडे बघत होती. “हे गेले तेव्हापासून.”

“म्हणजे?”

“मलाही झाला होता. त्यांना हॉस्पिटलात नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. ताप थोडा. गेला चार दिवसांत. वास गेला तो आलाच नाही.”

“आणि फोनवर म्हणत होतीस की—”

“काय सांगणार होते? तू तिथे गॅरेजात बसून रडत होतास. मी पण पडले म्हटलं असतं तर तू काय केलं असतंस? पोहत आला असतास?”

बायकोने विचारलं, “आई, आणि इतके दिवस स्वयंपाक?”

“मोहरी ऐकू येते ना. जिरं लाल झालेलं दिसतं. बाकीचं तुम्हाला विचारत होते की.” मग जरा हसली. “नैवेद्याचंच केलं सगळं.”

माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. तो फ्लॅट. तो ओटा. ओट्याखालचा सिलिंडर. तिसऱ्या मजल्यावर एकटी बाई, सकाळचा चहा, संध्याकाळचा दिवा, रोज. आणि मी इकडे रोज विचारायचो, मास्क लावतेस ना? भाजी धुतेस ना?

“तिकडे गॅसचं काय करत होतीस?”

“बघायचे ना! झोपताना तीनदा रेग्युलेटर बघायचे. एकटीला बघावंच लागतं.” तिने माझ्या हातावर थोपटलं. “आज नाही बघितलं. तुम्ही सगळे आहात म्हणून निर्धास्त होते.”

बायको उठून उगीचच खुर्ची सरळ करायला लागली.

वारा पडला होता. तापलेल्या झाडांचा वास पुन्हा दाट झाला. आईने खुर्चीला अडकवलेल्या पिशवीतून रुमाल काढला, गाठ सोडली आणि ते चुरगळलेलं पान माझ्यापुढे धरलं.

“हे काल घेतलं, परवा घेतलं, रोज घेऊन बघते. काही नाही. तुला येतो?”

मी पान नाकाशी धरलं. “येतो.”

“तस्साच?”

“तस्साच. तेल जास्त झालं की पायजम्याला लागायचं ना, तसा.”

“मग पलंगाची चादर पण,” ती म्हणाली. “किती ओरडायचे मी.” आणि पान परत घेऊन रुमालात बांधलं.

दुसऱ्या दिवशी पीसीआर केली, तीही निगेटिव्ह आली. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दोन वर्षं मी दाराच्या मुठी पुसत होतो आणि भीती चुकीच्या दारात उभी होती. उरलेले दिवस आम्ही शेगडीला हात लावला नाही. दाढीवाल्याच्या बार्बेक्यूवर चहा व्हायचा, आणि आई त्या बाईच्या शेजारी बसून, मला न विचारता, इंग्रजी-मराठीत तासन्तास गप्पा मारायची. मी अडवलं नाही. फक्त वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभा राहून, गॅसचा वास येतो का ते हुंगत होतो.

परत येताना आईने पूर्ण काच खाली करायला लावली. “सांगत रहा,” म्हणाली. मागून लेक सांगत होती, मराठीत, शब्द शोधत शोधत. “आता शेण, आजी. आता... गवत कापलेलं. आता बाबांची चिप्स.”

मी तिला इथेच राहा म्हटलं. बायको म्हणाली, लेक म्हणाली. ती नाहीच राहिली. तिला तिचा जिना हवा होता. “इंडक्शन घेईन,” म्हणाली, आणि घेतलंही. पण त्यावर पोळी फुगत नाही, म्हणून सिलिंडर आहेच.

आता रोज तिच्या झोपायच्या वेळी मी फोन करतो. इकडे पहाटेचे कितीही वाजलेले असोत, गजर लावून उठतो. आधी तिचा कान दिसतो, मग पंखा, मग बराच वेळ काळोख. “दिसतंय का?” ती वाकून, ओट्याखालून विचारते. मी म्हणतो, अजून खाली, अजून, डावीकडे. मग तो रेग्युलेटर दिसतो, आणि त्याच्यावर तिची बोटं, तो खटका बंद आहे हे हलवून दाखवणारी.

“बघितलंस?”

“बघितलं. अजून एकदा दाखव.”

“अरे, दोनदा झालं!”

“तीनदा म्हणाली होतीस.”

ती पुन्हा वाकते. गुडघे दुखतात, कुरकुरते. हल्ली तीही निलगिरीचं तेल लावते, असं म्हणाली. वास येत नाही, पण गरम लागतं.